सुंद्राचं कोमट पाणी

‘‘रोकडे, ही चादर म्हणायची की पायपुसणं?’’

मेट्रन एस्तेरबाई मोहित्यांनी ऑपरेशन थेटरची चादर माझ्या टेबलावर उलगडली आणि तिच्या मधोमध बोट ठेवलं. तिथं ताटाएवढा तपकिरी डाग होता. चादर भट्टीत उकळून, वाळून, इस्त्री होऊन गेलेली होती. माझ्या लेखी ती स्वच्छच होती.

‘‘रक्त आहे बाई ते,’’ मी म्हणालो. ‘‘गुलाल नव्हे झटकून टाकायला. दोन तास उकळलंय. आता अजून काय करायचं राहिलंय?’’

‘‘नवे सर्जन म्हणतात, असल्या चादरीवर मी पेशंटला झोपवणार नाही.’’

‘‘मग उभं करून कापा म्हणावं.’’

बाई हसल्या नाहीत. त्यांना हसू येत नसे, आणि येत असलं तरी माझ्यावर ते खर्च करायची त्यांची तयारी नसे. ‘‘पंधरा दिवस देते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फरक पडला नाही तर थेटरचे कपडे बाहेर कंत्राटदाराकडे जातील. ट्रस्टींनी ठरवलंय.’’

ही सत्याऐंशी सालची गोष्ट. इस्पितळ मिरजेकडचं, नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला नमस्कार करतात. मी तिथं लाँड्री मास्तर होतो. जातीचा परीट, बापाच्या आधीपासून भट्टी आमच्याकडे. इस्पितळात दगडी कोळशावर दोन मोठे हंडे रटरटत असत, त्यांना आम्ही भट्टीच म्हणायचो. सोडा घालायचा, पाणी खळखळा उकळायचं, वर ब्लीचिंग पावडर, शेवटी नीळ. त्यात जे निघत नाही ते जगात कशानं निघत नाही, असं माझं मत होतं. डाग राहिलाच तर दोष कापडाचा, नाही तर पेशंटचा. डॉक्टर, नर्सा, ट्रस्टी ही सगळी मंडळी मला एकजात अडाणी वाटत. मळलेलं काढून टाकायचं आणि धुतलेलं अंगावर घालायचं एवढंच त्यांना ठाऊक. मधे काय होतं ते मला ठाऊक.

बाई वळल्या आणि दारातच थांबल्या. दारात सुंद्रा उभी होती, डोक्यावर पदर, हातात ओल्या टॉवेलांची बादली.

‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘मी धुऊन दावू का?’’

सुंद्रा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ चार वर्षांमागं काविळीनं गेला. तेव्हापासून ती माझ्या घरी मागच्या पडवीत राहायची, घरातलं सगळं ओढायची आणि दिवसा इस्पितळात रोजंदारीवर टॉवेल, लंगोट, लहान मुलांची दुपटी धुवायची. मोठ्या कपड्यांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. कुणाची? माझी.

त्या महिन्यात लाँड्रीत एक कायमची जागा रिकामी झाली होती. जागेबरोबर इस्पितळाच्या आवारात एक खोली मिळायची, नळ आणि मोरीसकट. सुंद्रानं अर्ज केला होता. अर्जावर मास्तरची शिफारस लागायची. तो अर्ज तीन आठवडे माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. ती रोज सकाळी येऊन विचारायची, ‘‘भावजी, सही झाली का?’’ आणि मी म्हणायचो, ‘‘बघू.’’ खोली मिळाली तर ती माझ्या घरातून जाणार, मग पडवी कोण सारवणार, पाणी कोण भरणार, हे माझ्या बायकोनं मला नीट समजावून दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर एक बाई माझ्या भट्टीवर कायमची येऊन उभी राहणार, हे मला पचत नव्हतं.

‘‘तू?’’ मी म्हणालो. ‘‘तू काय धुणार?’’

‘‘बारा चादरी द्या भावजी. बारा तुम्ही धुवा. पण माझं पानी उकळायचं न्हाई.’’

मी हसलो. भट्टीवरचा म्हादबा तर मांडीवर थाप मारून हसला.

‘‘गार पाण्यात?’’ मी म्हणालो. ‘‘माणसाचं रक्त, दोन दिवस वाळलेलं, आणि ही गार पाण्यात धुणार! बाई, हिच्या माहेरी खाटकांची धुणी धुतात. तिथलं शहाणपण आहे हे.’’

ते खरं होतं. जतकडच्या एका गावात तिचा बाप खाटीक आळीची धुणी घ्यायचा. आमच्या घराकडे धुणी पाटील, वकील, डॉक्टर यांची. भावानं तिथली मुलगी केली तेव्हा माझ्या आईनं आठ दिवस तोंड पाडलं होतं. मला ते टोचून बोलायला फार आवडायचं.

सुंद्रा मान खाली घालून उभी राहिली, पण गेली नाही. एस्तेरबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘हिचा अर्ज कुठं अडकलाय, रोकडे?’’

‘‘बघतोय बाई.’’

‘‘मग असं करू. उद्या थेटरचं गाठोडं निम्मं निम्मं करा. हिच्या चादरी स्वच्छ निघाल्या तर जागा हिची. नाही निघाल्या तर तुम्ही म्हणाल तो माणूस.’’

बाई गेल्या. म्हादबा म्हणाला, ‘‘मास्तर, अर्जाची कटकट उद्याच मिटली म्हणा की.’’ मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं. रविवारी अपघाताच्या दोन केसेस झाल्या होत्या, चादरी पापडासारख्या कडक झालेल्या. बारा तिला मोजून दिल्या, बारा भट्टीत घातल्या. तिनं आपल्या चादरींच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका मारला, गोंधळ नको म्हणून. मग ती लिंबाखालच्या जुन्या सिमेंटच्या टाकीकडे गेली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही. मास्तरनं शिकाऊ बाईचं काम बघत उभं राहायचं, ही माझी पायरी नव्हती. मी खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ करून बसलो आणि पेपर वाचला. म्हादबा मात्र दर घटकेला जाऊन यायचा आणि बातमी आणायचा.

‘‘मास्तर, नुसत्या गार पाण्यात बुचकाळतीय. पाणी टाकतीय, पुन्हा घेतीय.’’

‘‘घेऊ दे. पाणी ट्रस्टींचं आहे.’’

थोड्या वेळानं, ‘‘मास्तर, माळ्याकडनं कच्च्या पपया मागून आणल्या! साली काढतीय!’’

‘‘भाजी करतीय का काय?’’

‘‘पाण्यात टाकतीय.’’

यावर मी पेपर खाली ठेवून पोटभर हसलो. तेवढ्यात ती एक घागर घेऊन भट्टीजवळ आली. ‘‘भावजी, हंड्यातलं दोन तांबे ऊन पानी घेऊ का?’’

‘‘का गं? गार पाण्याचं काय झालं?’’

‘‘कोमट करायचंय.’’

‘‘घे की. उकळतं घे. लाज वाटू देऊ नकोस.’’

‘‘उकळतं नगं,’’ ती म्हणाली. ‘‘रगात शिजतं.’’

म्हादबानं तिची नक्कल केली, ‘‘रगात शिजतं!’’ आणि दिवसभर जो येईल त्याला ती करून दाखवली. मीही हसलो. शिजतं म्हणे! बारा वर्षं मी रक्ताचे कपडे उकळत होतो, आणि ही मला स्वयंपाक शिकवत होती.

दुपारी दोनला दोन्हीकडच्या चादरी पिळून शेजारी शेजारी तारांवर गेल्या. ऊन कडक होतं. तासाभरात वाळल्या.

मी तारांपाशी एकटाच आधी गेलो. माझ्या बारा चादरी नेहमीसारख्या होत्या. पांढऱ्या, नीळ बसलेल्या, आणि प्रत्येकीवर तपकिरी वेटोळी, जुन्या नकाशासारखी. मग मी लाल टाक्याच्या चादरींकडे गेलो. पहिली बघितली. दुसरी बघितली. तिसरी उन्हाकडे धरली. काही नव्हतं. नवं लुगडं घडी मोडून वाळत घालावं तशा त्या बारा होत्या. एका चादरीच्या शिवणीत तेवढी एक फिकट रेघ होती, ती मी शोधून काढली आणि मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

सुंद्रा दहा पावलांवर उभी होती. हात पाण्यानं सुरकुतलेले. ती हसत नव्हती, पण तिचा चेहरा उजळला होता. भाऊ गेल्यापासून तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता. ती बहुतेक मनातल्या मनात त्या खोलीत भांडी लावत असावी.

एस्तेरबाई आल्या. त्यांच्यामागून नवे सर्जन, गोरेगोमटे, बुटांना चिखल लागू नये म्हणून टाचा उचलून चालणारे. त्यांनी चादरी बघितल्या, उलट्या केल्या, नाकाला लावल्या.

‘‘फँटास्टिक,’’ सर्जन म्हणाले. ‘‘जंतूंचं म्हणाल तर कपडे पुढे ऑटोक्लेव्हच्या वाफेत जातातच. मला डाग नको होता. कच्ची पपई ना? बरोबर आहे. पपईचा चीक मांस मऊ करतो, तसं रक्तही सोडवतो. पण फार तापवलं तर त्याची ताकद जाते. आणि उकळलं की रक्त धाग्यात पक्कं बसतं. इथं इतकी वर्षं डाग धुतले जात नव्हते, भाजले जात होते!’’

ते हसले. बाईही हसल्या. पहिल्यांदा हसल्या आणि तेही मला.

‘‘कल्पना कुणाची?’’ सर्जननी विचारलं आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं. मास्तर मी होतो, चप्पल माझ्या पायात होती. सुंद्रा अनवाणी, मागे उभी.

मी सदरा खाली ओढला. मग म्हणालो, ‘‘आमच्या घरातली रीत आहे, साहेब.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होती?’’ बाई म्हणाल्या. ‘‘मग काल ते गार पाण्याचं काय बोलत होता?’’

आता मागे फिरायला जागा होती. थोडीच होती, पण होती. ‘‘तिची हुशारी बघायची होती, बाई,’’ मी म्हणालो. ‘‘शिकवलं ते नीट ध्यानात आहे का, म्हणून जरा डिवचलं. मीच तिला सांगितलं होतं करून बघ म्हणून. एकदम सगळ्या गाठोड्यावर प्रयोग नको, असा विचार केला.’’

लाज वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की वाक्य बरं जमलं.

बाईंचा विश्वास बसला नव्हता. त्या सुंद्राकडे वळल्या. ‘‘खरं का गं? ह्यांनी शिकवलं तुला?’’

सुंद्रानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं, आणि हात नकळत सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला, तिथं माझं पेन होतं. तिनं ते पेन बघितलं. मी तोंडानं काही बोललो नाही, पण सौदा आम्हा दोघांना कळला. मी शिकवलं म्हण, सही करतो.

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. ‘‘भावजींनीच शिकवलं.’’

‘‘शाब्बास, रोकडे!’’ सर्जन म्हणाले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. डॉक्टर माणसानं माझा हात हातात घेतल्याची ती पहिली वेळ.

मग बाई हिशेबी आवाजात बोलायला लागल्या. म्हणजे आता थेटरच्या कपड्यांना भट्टी नको. एक हंडा बंद. भट्टीवरचा म्हादबा आणि त्याचा जोडीदार मोकळे झाले. ‘‘हिला शिकवलंत तसं त्या दोघांना शिकवा, रोकडे. बाहेर कंत्राट द्यायचंही कारण नाही.’’ मग त्या जरा थांबल्या. ‘‘पण मग ती रिकामी जागा भरायची काही गरज उरत नाही. माणसं आहेत, शिकवणारा आहे. मी ट्रस्टींना काय सांगू? सुंद्रा, तुला मी शब्द दिला होता, पण तुझी वेगळी कला असती तर मी त्यांच्याशी भांडले असते. तू रोजंदारीवर येत राहा, मी आहे.’’

सुंद्रा बाईंकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. एक शब्द हवा होता. ‘बाई, हे हिचं आहे, मला ह्यातलं काही येत नाही.’ एवढंच. सगळे थांबले होते, सर्जनसुद्धा घड्याळ न बघता थांबले होते.

मी वाळलेली चादर तारेवरून काढली आणि टोकाला टोक जुळवून तिची घडी घातली.

माझ्यासारखा माणूस चांगला दिसतो तो अशा वेळी, हातात काम घेऊन. कुणाला शंका येत नाही.

सुंद्रा दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. पडवी रिकामी होती. दोन पातळं, एक ट्रंक, भावाचा फोटो घेऊन ती पहाटेच्या एसटीनं माहेरी गेली होती. माझी बायको म्हणाली, ‘‘गेली एकदाची,’’ आणि दोन दिवसांनी पाणी भरताना मला शिव्या घालायला लागली. अर्ज माझ्या खणातच राहिला, सहीशिवाय.

आता मास्तरची मास्तरकी दाखवायची होती. म्हादबा आणि त्याचा जोडीदार टाकीपाशी उभे राहिले. मी ऐटीत कच्च्या पपया मागवल्या, साली काढायला लावल्या, टाकीत चांगलं वाफाळतं पाणी ओतलं आणि सगळं गाठोडं आत घातलं. कोमट म्हणजे किती, हे मी बघितलं नव्हतं. मी पाठ करून बसलो होतो. मला वाटलं, कोमटनं एवढं होतं तर वाफाळत्यानं दुप्पट होईल. भट्टीवर आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

चादरी निघाल्या त्या पहिल्यापेक्षा वाईट. डाग होतेच, वर पपईचा कुबट वास.

‘‘मास्तर,’’ म्हादबा म्हणाला, ‘‘रगात शिजलं.’’

या वेळी त्यानं नक्कल केली नाही.

दुसरं गाठोडंही बिघडलं. तिसरं बघून एस्तेरबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘तुम्हीच शिकवलंत ना तिला?’’ त्यांचा आवाज इतका गोड होता की मला घाम फुटला. पंधरा दिवसांतले चार उरले होते.

मी रजा टाकली आणि जतची गाडी पकडली.

गावाबाहेर ओढ्याकाठी खडकावर ती धुणं धूत होती. शेजारी विटांच्या चुलाण्यावर एक घमेलं, खाटकांच्या लुंग्या आणि बंड्या यांचा ढीग, आणि एका टोपलीत कच्च्या पपयांच्या साली. मला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला, हात पुसले, कळशीतलं पाणी तांब्यात घेऊन पुढे केलं.

‘‘वहिनी बऱ्या हायत का?’’

‘‘बऱ्या आहेत.’’

‘‘पोरं?’’

‘‘आहेत.’’

मी पाणी प्यालो. तांब्या परत दिला. बराच वेळ दुसरंच काहीबाही बोललो. पीकपाण्याचं, एसटीच्या गर्दीचं. ती ऐकत होती. शेवटी मी विचारलं, ‘‘सुंद्रा, ते पाणी किती ऊन ठेवायचं गं? आणि साली आधी का मागनं?’’

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. चार वर्षं माझ्या घरात राहून तिनं कधी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

‘‘मी काय सांगनार भावजी? तुम्हीच शिकवलं की मला.’’

पलीकडच्या खडकावर दोन बाया धूत होत्या, त्यांनी मान वर करून बघितलं. सुंद्रा वळली आणि आपल्या कामाला लागली.

मी उठून जायला हवं होतं. कुणीही मानी माणूस गेला असता. मी गेलो नाही. मी एका दगडावर बसलो आणि बघायला लागलो.

तिनं रक्ताच्या बंड्या ओढ्याच्या गार पाण्यात धरल्या, वाहत्या पाण्यातली लाली पूर्ण जाईपर्यंत धरल्या. मग घमेल्यातलं ऊन पाणी शेजारच्या दगडी कुंडीत ओतलं, गार मिसळलं आणि बाही वर करून कोपर बुडवलं, तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. थोडं गार अजून घातलं. पुन्हा कोपर. मग साली चुरून टाकल्या, बंड्या दाबून बसवल्या, वर ओलं पोतं टाकलं. दर थोड्या वेळानं पोतं उचलून एक तांब्या ऊन पाणी कडेनं सोडायची, निवू नये म्हणून. मी सगळं ध्यानात ठेवलं. एक तांब्यासुद्धा चुकवला नाही.

त्यानंतर एकवीस वर्षं मी थेटरचे कपडे तसेच धुतले. दोन इस्पितळांतले लोक शिकायला आले, मी त्यांना कोपर कसं बुडवायचं ते दाखवलं. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, ‘रोकडे पद्धत’ असा शब्द कुणा मूर्खानं भाषणात वापरला आणि बाकीच्या मूर्खांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा होतो.

त्या दिवशी मी ओढ्याकाठी तीन तास बसलो होतो. सुंद्राला कळत होतं मी काय करतोय ते. तिला आडोसा करता आला असता, धुणं उद्यावर टाकता आलं असतं, निदान माझ्याकडे पाठ तरी करता आली असती. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. ती माझ्यासमोरच सावकाश सगळं करत राहिली. चोरापासून माणूस वस्तू लपवतो. तेवढीही माझी किंमत तिनं ठेवली नव्हती.